पहाटे पाचचा गिझर

साताऱ्यात शाहूपुरीला राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. घरात पाच माणसं: ८१ वर्षांचे सासरे, सासूबाई, नवरा, त्या स्वतः आणि बारावीतली मुलगी. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. गच्चीवर अकरा वर्षांचा सोलर बंब आहे, पण टाकी गळते, नळ्यांत क्षार साचलाय, आणि पावसाळ्यात तर तो असून नसल्यासारखाच. वरच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा विजेचा गिझर, खाली सासू-सासऱ्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर. थंडीत विजेचं बिल ३४० युनिटांवर जातं, एरवी १९०-२०० असतं. मुलगा म्हणतो, हीट पंप (हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारं मशीन) घ्या, तीन वर्षांत पैसे वसूल. विक्रेत्यानं २०० लिटरच्या मशीनचं १ लाख १८ हजारांचं कोटेशन दिलंय. नवरा म्हणतो, एवढ्या पैशांत जन्मभर गिझर चालेल, शिवाय गॅस स्वस्त पडतो. सासरे म्हणतात, यंत्राचं पाणी अंगाला लागत नाही. त्या लिहितात: "मी रोज पाचला उठून गिझर लावते आणि सगळ्यांच्या अंघोळी उरकेपर्यंत त्या बटणाशी बांधलेली असते. साताऱ्याच्या थंडीत हे मशीन चालेल का? आणि नाही घेतलं तर आपण पर्यावरणाचं नुकसान करतोय, असंही मनाला लागून राहतं. काय करू?"

ताई,

हीट पंपाचं नंतर बोलू. आधी तुमच्या खालच्या बाथरूमचं.

गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. खिडकीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण घरात ८१ वर्षांचं माणूस आहे आणि डिसेंबर तोंडावर आहे, म्हणजे ती खिडकी बंद असते असं मी धरून चालते. वारा येतो म्हणून तिला वर्तमानपत्रही चिकटवलेलं असेल. साताऱ्यातल्या निम्म्या घरांत मी हेच पाहिलंय. गॅस गिझर म्हटलं की आपल्याला स्फोटाची भीती वाटते. खरी भीती दुसरीच आहे. बंद खोलीत बर्नरला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, पाय लटपटतात, आणि आतून कडी लावलेली असते. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली की आपण बीपी म्हणतो नि मोकळे होतो.

तेव्हा बाकी काही ठरो न ठरो, तो गिझर बाहेर काढा. डक्टमध्ये, मागच्या उघड्या अंगणात, बाल्कनीत, कुठंही, पण भिंतीच्या बाहेर. सिलिंडरही बाहेर. आत फक्त गरम पाण्याचा नळ आला पाहिजे. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते होईपर्यंत खिडकी सताड उघडी ठेवा आणि पाणी बादलीत भरून गिझर बंद केल्याशिवाय कुणी अंघोळीला बसायचं नाही. सासऱ्यांना गारठा लागेल म्हणून खिडकी लावली जाणार असेल, तर सरळ वरच्या गिझरचं पाणी बादलीनं खाली न्या. चार दिवस गैरसोय होईल, होऊ द्या.

आता दुसरी गोष्ट. पाचला उठणं. अख्ख्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एवढं एकच वाक्य लिहिलंय. बाकी सगळं मुलगा काय म्हणतो, नवरा काय म्हणतो, सासरे काय म्हणतात. माझा अंदाज असा की हीट पंप तुम्हाला हवासा वाटतोय तो बिलासाठी कमी आणि या पाचच्या गजरापासून सुटका होईल म्हणून जास्त. त्यात गैर काही नाही. पण त्या सुटकेसाठी सव्वा लाख लागत नाहीत. गिझरच्या बटणाशेजारी टायमर बसतो. तुमचा गिझर २ किलोवॉटचा असेल, म्हणजे नऊ-दहा अँपिअर ओढतो. तेव्हा १६ अँपिअरचा टायमर घ्यायचा आणि तो इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्यायचा. मोबाईल चार्जरच्या प्लगात बसणारा नाजूक टायमर नको, तो वितळतो. साडेपाचला चालू, सव्वासहाला बंद, मग पुन्हा सातला वीस मिनिटं. इतक्या वर्षांत, इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा घरात असताना, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? गरम पाणी आपोआप यायचंच की सगळ्यांना. तुम्ही होता ना!

ही दोन कामं या आठवड्यात करा. मग हीट पंपाचा विचार डोकं थंड ठेवून करता येईल.

तर हीट पंप म्हणजे नेमकं काय? तुमच्या फ्रिजच्या मागच्या जाळीला किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा, गरम लागेल. आतल्या दुधातली, भाजीतली उष्णता उपसून फ्रिज ती बाहेर स्वयंपाकघरात टाकत असतो. हीट पंप तेच करतो, फक्त गच्चीवरच्या हवेतली उष्णता उपसून टाकीतल्या पाण्यात टाकतो. आत एक वायू फिरत असतो. तो थंड असताना हवेतली ऊब शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो तसा तो चांगला तापतो, ती उष्णता पाण्याला देतो आणि पुन्हा गार होऊन परत. गिझर विजेतून उष्णता तयार करतो. हीट पंप तयार काहीच करत नाही, हमालासारखी इकडची उष्णता तिकडे वाहतो. त्याला वीज लागते ती या हमालीपुरती. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात जाते. त्या आकड्याला सीओपी म्हणतात. कोटेशनवर तो साडेचार छापलेला असेल तर हुरळून जाऊ नका. बाहेर किती तापमान असताना आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवताना मोजला, ते विचारा. उकाड्याच्या दुपारी कोमट पाणी करून कुणीही चांगले मार्क मिळवेल.

साताऱ्याच्या थंडीत चालेल का, हा तुमचा प्रश्न. चालेल. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. त्या हवेतही उपसण्याजोगी उष्णता पुष्कळ असते. युरोपात बर्फात हीट पंप चालतात. पण या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: पाणी पहाटेच तापवायचं. गिझरनं आपल्याला ही सवय लावली. गिझरची टाकी लहान, म्हणून लागेल तेव्हा तापवा. हीट पंपाची टाकी मोठी असते, तिला जाड अस्तर असतं, रात्रभरात पाणी चार-सहा अंशांनीच उतरतं. मग पहाटेच्या बारा अंशांत त्याला कशाला राबवायचं? थंडीतही दुपारी एक-दोनला आपल्या गच्चीवर सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. तेव्हा चालवा. कमी विजेत काम होतं आणि पहाटे पाणी तयार असतं. ज्यांच्याकडे टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) बसलाय, त्यांनी बिलावर दिवसाच्या वापराला सवलत दिसते का, तेही बघावं.

त्याच्यापासून घाईची अपेक्षा मात्र ठेवायची नाही. गिझर अर्ध्या तासात २५ लिटर कढत करतो. हीट पंपाला टाकीभर पाणी तापवायला तीन-चार तास लागतात. रात्री नऊला अचानक सहा पाहुणे आले आणि टाकी रिकामी असली, तर तो तुमची लाज राखणार नाही. म्हणून घेतलात तरी वरचा जुना गिझर काढू नका, राहू दे.

आता मुलाची तीन वर्षं.

यात कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं कारण एवढंच की हा आकडा आजकाल सगळीकडे फिरतो आणि तो पूर्ण खोटाही नाही. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणजे ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापतं. आपण बादलीनं अंघोळ करतो. एका माणसाला दीड बादली, म्हणजे विसण घालून झाल्यावर तीस लिटर पाणी, चाळीस अंशांचं. थंडीत टाकीतून येणारं पाणी बावीस अंशांचं धरा. अठरा अंश वाढवायचे. पाच माणसांचं दीडशे लिटर. हिशोब होतो सव्वातीन युनिटांच्या आत. त्यात भांड्यांना लागणारं पाणी, नळीत गार होणारं पाणी, टाकीतून जाणारी ऊब मिळवा. चार युनिटं. महिन्याला १२०. हेच काम हीट पंप ४५ युनिटांत करेल. वाचली ७५. वाचलेली युनिटं बिलाच्या वरच्या टप्प्यातून वजा होतात, हे लक्षात घ्या; १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० या टप्प्यांचे दर वेगळे असतात, वर वहन आकार नि वीज शुल्क. वरच्या युनिटाला सगळं मिळून १५ रुपये धरू. थंडीत महिन्याला अकराशे रुपये वाचतील. पावसाळ्यात नऊशेच्या आसपास, उन्हाळ्यात तीनशे-साडेतीनशे, कारण एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणीच असं येतं की विसणालाही गार पाणी मिळत नाही. वर्षाचे मिळून नऊ-साडेनऊ हजार.

१ लाख १८ हजारांना साडेनऊ हजारांनी भागा. बारा वर्षं आणि वर काही महिने. तोवर मशीनचंच आयुष्य संपत आलेलं असेल.

मुलगा खोटं बोलत नाही. तो हॉस्टेलवर राहतो. तिथं दीडशे-दोनशे पोरं सकाळी दोन तासांत अंघोळी उरकतात, हजारो लिटर पाणी, तेही रोज. तिथं हीट पंप तीन वर्षांतच काय, आधीही पैसे फेडेल. लॉज, मंगल कार्यालय, प्रसूतिगृह, जिम चालवणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. पाच माणसांच्या घराला तेच गणित लावलं की फसगत होते.

पण बारा वर्षं हाही शेवटचा शब्द नव्हे. तुम्हाला २०० लिटर हवंय कशाला? टाकीत पंचावन्न अंशांचं पाणी असेल तर तीस लिटर अंघोळीच्या पाण्यात गरम पाणी सोळा-सतराच लिटर जातं, उरलेलं विसण. पाच माणसांना ८५ लिटर, भांड्यांना थोडं. शंभर-सव्वाशे लिटर पुष्कळ झालं. पाहुण्यारावळ्यांचं घर असेल तर दीडशे. विक्रेता दोनशे सुचवतो कारण त्याच्या डोळ्यांसमोर शॉवर असतो. आणि तुमचा सोलर बंब मोडीत निघालाच आहे, म्हणजे नवी टाकी नि नळ्या घ्या किंवा दुसरं काही घ्या, खर्च टळत नाही. समजा लहान मशीन बसवण्यासकट सत्तर हजारांना मिळालं आणि सोलरला एरवी पंचवीस हजार घालावेच लागले असते, तर हीट पंपासाठी जास्तीचे गेले पंचेचाळीस. ते पाच वर्षांत फिटतात. आकडे मी समजा म्हणून घेतलेत. तुम्ही तुमची दोन कोटेशनं घालून बघा.

शॉवरवरून आठवलं. तुमचा वरचा गिझर फक्त तिघांसाठी आहे. बादलीच्या हिशोबानं त्याला थंडीत महिन्याला ७५-८० युनिटं पुरायला हवीत. तुमच्या बिलात मात्र दीडशेचा फरक दिसतोय, तोही पंखे बंद असताना. सगळा आळ गिझरवर घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. मुलगी शॉवर घेते का? साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. दहा मिनिटांत पोरीनं तीन माणसांचं पाणी संपवलं. बारावीचं वर्ष आहे, ओरडू नका. कमी पाण्याचा शॉवर बसवून घ्या. दुसरं म्हणजे गिझरचा थर्मोस्टॅट. बहुतेक घरांत तो पंचाहत्तरवर असतो, म्हणजे आधी विजेनं कढवायचं आणि मग अर्धी बादली गार पाणी ओतायचं. पंचावन्न-साठवर आणा. त्याच्याही खाली ठेवू नका. टाकीत कायम कोमट राहिलेल्या पाण्यात नको ते जंतू वाढतात. हीट पंपाच्या टाकीलाही हे लागू: आठवड्यातून एकदा साठ अंशांपर्यंत तापवायची.

तुमच्या यजमानांचं गॅसबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, हे त्यांना सांगा. नवऱ्यांना ते क्वचित ऐकायला मिळतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गिझर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्याला देतो, म्हणजे १४५. सिलिंडरच्या पावतीवरच्या किमतीला १४५नं भागा, जे येईल ते विजेच्या वरच्या टप्प्यातल्या दरापेक्षा बरंच कमी असेल. साध्या गिझरला गॅस हरवतो. हीट पंपात मात्र १५ रुपयांच्या एका युनिटात तीन युनिटांची उष्णता मिळते, म्हणजे युनिटाला पाच रुपये; तिथं गॅसची नि त्याची गाठ पडते. म्हणजे खालचा गॅस गिझर सुरक्षित जागी, भिंतीबाहेर गेला, तर केवळ पैशांसाठी तो हटवायची घाई नाही.

पर्यावरणाचं मनाला लागून राहतंय म्हणता. सातारकरांना एक समजूत असते: कोयना आपल्या उशाशी, १९६० मेगावॉटचा प्रकल्प, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगरतायत, म्हणजे आपली वीज स्वच्छ. वीज अशी गावागावानं वाटून येत नाही. कोयनेचं पाणी मुख्यतः मागणी वाढते त्या वेळेला वापरतात, आणि देशाच्या तारांमधून वाहणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे. त्या विजेवर साधा गिझर चालवणं हा पाणी तापवायचा सगळ्यात धुराचा मार्ग. धूर फक्त आपल्या गच्चीवर न दिसता दूर कुठल्या तरी चिमणीतून निघतो. हीट पंप त्याचा तिसरा हिस्सा धूर करतो. गॅसपेक्षाही थोडा कमी, पण उन्नीस-बीसच. आणि उन्हावर पाणी तापवणारा तुमचा जुना सोलर बंब या सगळ्यांना मागे टाकतो. अकरा वर्षं तुम्ही ते केलंय. तेव्हा हा एक काटा काढून टाका.

माझा अनुभव सांगते, म्हणजे विकणाऱ्यांच्या बाजूनं बोलतेय असं वाटायला नको. आमच्याकडे गोडोलीत चार वर्षांपासून दीडशे लिटरचा हीट पंप आहे. पहिले दोन महिने बिल एक पैशानं उतरलं नाही. बसवणाऱ्याला फोन केला की तो म्हणायचा, मॅडम, थंडी आहे. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई, एक दिवस दुपारी मीटरसमोर स्टूल टाकून बसले. मशीन चालू झालं तसा मीटर गिझरसारखा पळायला लागला. बहुतेक मशीनमध्ये अडीनडीला म्हणून विजेची कॉइल असते. त्या माणसानं मशीन लावताना ती कायमची चालू ठेवली होती, म्हणजे पाणी लवकर तापतं आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. आम्ही सव्वा लाखाचा गिझर वापरत होतो! पॅनेलवर दोन बटणं दाबल्यावर मामला मिटला. तेव्हा ज्या दिवशी मशीन बसेल, त्या दिवशी त्या माणसाला विचारा: कॉइल बंद आहे ना? दाखव.

दुसरी गंमत पावसाळ्यात झाली. हवेतली उष्णता ओढून घेतली की हवेतलं बाष्प पाणी होऊन ठिबकतं. एसीसारखंच. जुलैमध्ये आमच्या मशीनखाली चोवीस तासांत अर्धी बादली पाणी जमायचं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तीनदा वर येऊन गेल्या, तुमची टाकी गळतेय म्हणून. एक छोटी नळी काढून ती पागोळीच्या पन्हाळात सोडली. उन्हाळ्यात त्याच पंख्यातून गार झुळूक येते, ती जागा आमच्या कुत्र्यानं पटकावली आहे. दुपारी एक ते चार तो तिथून हलत नाही.

यातून जागेचं कळतं. मशीनला मोकळी हवा लागते. जिन्याखालच्या कपाटात, बंद माळ्यावर बसवलं तर स्वतःच गार केलेली हवा ते पुन्हा ओढत बसतं आणि दम टाकतं. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटाइतका असतो, म्हणून सासऱ्यांच्या खिडकीला लागून नको. भरलेली टाकी दोनशे किलोंच्या घरात जाते. गच्चीवर खालून भिंत किंवा तुळई आलेली असेल तिथं ठेवा, कोपऱ्यातल्या सज्जावर नाही. टाकीपासून खालच्या बाथरूमपर्यंतची नळी फोमच्या वेष्टनात गुंडाळायला सांगा, नाहीतर रोज पहिले तीन-चार लिटर गार येतील आणि सासरे म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो?

पाण्याचं विसरू नका. नगरपालिकेचं पाणी आणि बोअरचं पाणी यात फरक आहे. तुमच्या सोलरच्या नळ्या क्षारानं बुजल्या, म्हणजे कुठून तरी बोअरचं पाणी मिसळत असणार. तेच पाणी नव्या टाकीत गेलं तर तिचीही तीच गत होईल. टाकीत ॲनोड रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवतो. वर्षा-दोन वर्षांनी तपासून बदलावा लागतो. विकणारे हे सांगत नाहीत आणि टाकी पाचव्या वर्षी फुटली की पाण्याला दोष देतात. कॉम्प्रेसरची हमी किती, टाकीची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. आणि दुरुस्तीला माणूस साताऱ्यातून येणार की पुण्याहून, हे विचारा. पुण्याहून येणार असेल तर तो कधी येईल हे तुम्हाला माहीत आहे.

इतर वाचकांसाठी थोडं. महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांनी डिफ्रॉस्ट (जमलेला बर्फ स्वतःच वितळवण्याची सोय) असलेलं मशीनच बघावं. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तिथं मशीनच्या जाळीवरही बर्फ धरणार. सांगलीत गावभागात नि कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी २०१९चा महापूर आठवून युनिट तळमजल्यावर बसवायचा विचारही करू नये. ज्यांची गच्ची मोठी नि उघडी आहे, त्यांनी आधी छतावरच्या सौर विजेचा हिशोब मांडावा: पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, ३ आणि त्यावर ७८ हजार रुपये अनुदान आहे. गच्चीवर दुपारी वीज तयार होते आणि हीट पंपही दुपारीच चालवायचा असतो, त्यामुळे ही जोडी छान जमते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, त्यातही भाड्यानं, हे सगळं सोडून द्यावं आणि पाच स्टारचा गिझर घ्यावा.

सासऱ्यांशी वाद घालू नका. ज्यानं तांब्याच्या बंबात करवंट्या आणि चिपाडं घालून पाणी तापवलंय, त्याला वाफ दिसल्याशिवाय पाणी गरम वाटत नाही. त्यांची कातडी मात्र आता तेव्हाची राहिलेली नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि मधुमेह असेल तर भाजल्याचं उशिरा कळतं. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम घरात सगळ्यांनाच लावा. माळ्यावर बंब असेलच. नरकचतुर्दशीला तो खाली काढा, चिंचेनं घासा आणि अंगणात पेटवा. त्या एका पहाटेचं गणित कुणी मांडू नये.

मशीनबद्दल माझं मत विचाराल तर: २०० लिटरचं ते कोटेशन परत पाठवा. शंभर आणि दीडशे लिटरची दोन कोटेशनं मागवा, एक सोलर बंब दुरुस्तीचं. त्याआधी सात दिवस एक वही बाथरूमच्या दाराला दोरीनं बांधा, सोबत पेन्सिल, पेन ओलं होतं. कोण किती बादल्या, शॉवर की बादली, किती वाजता. रोज सकाळी गिझर लावण्यापूर्वी आणि बंद झाल्यावर मीटरचा आकडा. नवऱ्याला आकडे लिहायला सांगा, त्यांना आवडेल. रोजची चार युनिटं किंवा जास्त निघाली आणि लहान मशीन परवडत असेल, तर मी हीट पंप घेईन. अडीच-तीनच निघाली तर सोलरची टाकी बदलेन, पावसाळ्यापुरता गिझर ठेवेन आणि उरलेल्या पैशांची एफडी करेन.

मुलगा सुट्टीला आला की ती वही त्याच्यापुढे टाका. तीन वर्षांचा हिशोब त्यानं मांडलाय, आता घरचे आकडे घालून पुन्हा मांडू दे. टायमर मात्र त्याच्यासाठी ठेवू नका, या रविवारी इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि सोमवारपासून पाचचा गजर लावू नका.